नावापाशी थांबायचं

हे मी डाव्या हाताने लिहिलं आहे. एका बैठकीला चार ओळी, फार तर पाच. मग डोकं जड होतं आणि शब्द पळायला लागतात. एखादा सापडलाच नाही तर मी जागा मोकळी सोडते आणि दोन दिवसांनी परत येऊन बघते. माधवराव, म्हणजे माझे यजमान, शेजारीच बसलेले असतात. त्यांना शब्द माहीत असतो, पण सांगायचा नाही असा आमच्यात करार आहे. त्यांना ते फार जड जातं. जाऊ दे. मलाही बरंच काही जड गेलं आहे.

माझं नाव वैजयंती, वय छप्पन्न. आम्ही हडपसरला राहतो, दोघंच, मूलबाळ नाही. बरीच वर्षं बँकेत शिक्के मारले, मग ती नोकरी सोडून पौरोहित्य शिकले. बायका पौरोहित्य करतात याचं पुण्यात आता कुणाला नवल राहिलेलं नाही. बारसं, मुंज, लग्न, वास्तुशांत, आणि वेळ आली की स्मशानातलंसुद्धा. तेरा वर्षं हे काम केलं. माझा मान, माझा डौल, सगळं तोंडावर चालायचं. आणि नेमकं तेच गेलं.

डॉक्टर त्याला वाचाघात म्हणतात. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली. त्यापलीकडे वैद्यकीय माहिती मी देणार नाही. ती हवी तेवढी मिळते, नको तेवढी नातेवाईक देतात. आत बसून कसं वाटतं एवढंच सांगणार आहे. ज्यांच्या घरात असं कुणी मुकं होऊन बसलंय, त्यांनी वाचावं म्हणून.

*

आदल्या दिवशी आमचं भांडण झालं होतं. कारण ऐकाल तर हसाल. सकाळी एक वास्तुशांत आणि संध्याकाळी एक सत्यनारायण उरकून मी घरी आले, तर हे ताटावर बसून म्हणाले, "लोकांच्या घरी शिरा, आणि आपल्या घरी कालचाच भात." मी उठले आणि अबोला धरला. आमच्या घरातला अबोला कमीत कमी तीन दिवसांचा. पहिला दिवस मी कडक पाळते. दुसऱ्या दिवशी आमटीत मीठ जास्त पडतं. तिसऱ्या दिवशी हे कुठूनतरी गजरा नाहीतर सीताफळं घेऊन येतात आणि प्रकरण मिटतं. लग्न झाल्यापासूनची ही पद्धत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी देवापुढे बसले. रोजची स्तोत्रं म्हटली, खणखणीत, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. उठताना उजवा पाय जरा जड वाटला. स्वयंपाकघरात आले तर यांनी पेपरातून मान वर न करता विचारलं, "चहा टाकू का?"

तडजोडीचा पहिला प्रस्ताव होता तो, आणि तोही दुसऱ्याच दिवशी. मला 'टाका' म्हणायचं होतं. तोंड उघडलं. काहीच आलं नाही.

शब्द जिभेवर येऊन अडला, असं नव्हतं हो. जिभेपर्यंत काही पोचतच नव्हतं. चहा मला समोर दिसत होता, कळत होता, हवासुद्धा होता. त्याला काय म्हणतात ते मात्र कुणीतरी पुसून टाकल्यासारखं झालं होतं. मी घाबरून भांडं उचललं, ते उजव्या हातातून पडलं. परत उचललं, परत पडलं.

"भांडी आपटून काही होणार नाही," हे म्हणाले.

मी त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. डाव्या हाताने त्यांचा सदरा धरला. त्यांनी तो अलगद सोडवून घेतला. "आधी तू बोल, मग मी बोलतो. दर वेळी मीच का?" आणि चपला घालून कट्ट्यावर निघून गेले.

दुपारी एकला आले, कालचाच भात फोडणीला टाकून एकटे जेवले. मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला त्यांची चाहूल कळत होती. दारापर्यंत आले, उभे राहिले, गेले. तीन वाजता विद्या आली. विद्या माझ्याबरोबर पौरोहित्य करते, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. आम्हाला एका मुंजीचं ठरवायला जायचं होतं. तिने मला बघितलं आणि किंचाळलीच, "काका! अहो, यांचं तोंड वाकडं झालंय! दिसत नाही का तुम्हाला?"

त्यांना दिसलं नव्हतं. अबोल्यात माझ्या तोंडाकडे बघायचं नाही, हीच तर पद्धत होती.

*

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "कधी सुरू झालं?"

हे म्हणाले, "सकाळी स्तोत्रं म्हणत होती. एकदम व्यवस्थित. त्यानंतर... ती माझ्याशी बोलत नव्हती, म्हणून मला वाटलं..."

"सकाळी लगेच आणलं असतं तर," डॉक्टर म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. त्या अर्ध्या वाक्याखाली माझा नवरा आजही जगतोय. मी त्यांना माफ केलं का? बरेच महिने नाही केलं. करायचं म्हटलं तरी सांगणार कशी? हात धरला की त्यांना वाटायचं, पाणी हवंय.

आयसीयूतला दुसरा की तिसरा दिवस. सिस्टर आल्या, म्हणाल्या, "काकू, नाव सांगा तुमचं." मी जीव एकवटला, तोंड उघडलं, आणि शांतिपाठ बाहेर आला. अख्खा. स्वरांसकट.

सिस्टरांनी हात जोडले. मला बेडपॅन हवं होतं.

मग ते रोजचंच झालं. वॉर्डात हलवल्यावर तर शेजारच्या पेशंटची सून आपल्या सासूला धरून माझ्या पाया पडायला घेऊन आली. "यांना बोलता येत नाही, पण देवाचं सगळं येतं," असं ती हळू आवाजात सांगत होती, जशी काही मी मूर्तीच. यांनाही त्या दिवसांत चमत्काराचं वेड लागलं. जन्मात कधी देवळात न गेलेला माणूस ज्याला त्याला सांगत होता, "देवाने तिच्या तोंडात स्वतःचं नाव ठेवलंय बघा." मला कळत होतं ते असं का म्हणतात. देवाची इच्छा ठरली की आपली चूक जरा लहान होते.

स्पीच थेरपीला तन्वी नावाची मुलगी यायची. तिने एका मिनिटात चमत्कार मोडीत काढला. "काकू, नो टेन्शन. पाठ केलेलं वेगळीकडे स्टोअर असतं. मंत्र, पाढे, वार, शिव्यासुद्धा. ते सेफ आहे. आपल्याला नवीन वाक्यांचा रस्ता परत बांधायचाय." आणि खरंच, 'चार' म्हणायचं तर मला एकपासून मोजत यावं लागायचं. गुरुवार हवा असेल तर रविवारी चढायचं आणि गुरुवारी उतरायचं. शिव्याही सुरेख यायच्या. वॉर्डबॉयने हिसका देऊन स्ट्रेचर फिरवलं, तर 'मेल्या' असं स्वच्छ निघालं. हे इतके खूश झाले की त्यांनी त्याला पेढा दिला.

एका माणसाचे उपकार मात्र सांगायलाच हवेत. रात्रपाळीच्या मावशी. त्या मला प्रश्नच विचारायच्या नाहीत. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हातात चादर धरायच्या आणि म्हणायच्या, "हे, का हे?" मी डोळ्यांनी दाखवायची. बस. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी एवढं करा. "काय हवंय, सांग ना, आठव ना, प्रयत्न कर ना," असं म्हणत डोक्याशी बसू नका. तो प्रयत्नच करत असतो, दुसरं काय करणार?

*

घरी आले आणि मी देवापुढे बसणं सोडलं.

हे लिहायला मला लाज वाटत नाही. डोळे मिटले की तोंड आपोआप सुरू व्हायचं, आणि मला संताप यायचा. या देवाने स्वतःचं तेवढं सगळं शाबूत ठेवलं आणि माझं घेऊन गेला. भाजीवाल्याला कोथिंबीर मागता येत नाही, नवऱ्याला 'तुमचं चुकलं' म्हणता येत नाही आणि 'असू दे' असंही म्हणता येत नाही. याची स्तुती मात्र धो धो. मी दात घट्ट मिटून बसायची. देव्हाऱ्यातली पूजा हे करायला लागले. त्यांना येत काहीच नाही; फुलं वाहायचे आणि उभे राहायचे. मी स्वयंपाकघरातून बघायची आणि मनात म्हणायची, बसा दोघं एकमेकांकडे बघत.

काम बंद पडलं. कुणी बोलावेना, आणि बरोबरच होतं ते. मंत्र येतात मग अडचण काय, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. अडचण अशी, की प्रत्येक विधीत एक संकल्प असतो, आणि तो पाठ नसतो. आज कोणता दिवस, कोणासाठी, कोणाच्या नावाने, ते त्या त्या वेळी म्हणायचं असतं. तिथी मी प्रतिपदेपासून मोजत गाठली असती. नावाला मोजायला काही नसतं. कागदावर लिहून वाचायचं म्हणाल, तर अक्षरं दिसायची, ओळखू यायची, आवाज निघायचा नाही. मंत्रांचा लोंढा सुरू झाला की तोंड नावाच्या जागेवरून सरळ पुढे धावायचं. ऐकणाऱ्याला कळणारही नाही. पण ज्याच्यासाठी करतोय त्याचंच नाव गाळलं तर तो विधी कुणाचा?

दहा महिने असे गेले. मग बाईंचा निरोप आला.

*

बाई म्हणजे माझ्या शाळेतल्या संस्कृतच्या बाई. आठवीपासून त्यांनी मला शिकवलं. पुढे मी बँकेत असताना रस्त्यात गाठून, "शिक्केच मारत म्हातारी होणार आहेस का?" असं विचारणाऱ्याही त्याच, आणि पौरोहित्याच्या वर्गात नाव घालायला बरोबर येणाऱ्याही त्याच. लग्न केलं नाही. मंडईच्या मागे दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. वय त्र्याऐंशी. हृदय थकलं होतं, आणि हॉस्पिटलात जाणार नाही असं त्यांनी डॉक्टरांनाच बजावलं होतं.

मी काठी टेकत जिना चढले. बाई पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. नमस्कार झाला, पाणी झालं. मग म्हणाल्या, "वैजू, माझं शेवटचं तू करायचंस."

मी तोंडाकडे बोट दाखवलं.

"दिसतंय मला. डोळे चांगले आहेत माझे. मंत्र येतात ना?"

मी मान हलवली.

"मग अडतं कुठे?"

खालून भाजीवाल्यांचा आरडाओरडा येत होता. शेवटी मी म्हटलं, "ना... नाव."

"हं," बाई म्हणाल्या. "म्हणजे नेमकं मला जे हवंय तेच."

मग त्यांनी सांगितलं ते मी जन्मात विसरणार नाही. म्हणाल्या, "मला सगळं शहर बाई म्हणतं. भाचा मावशी म्हणतो. आई गेली, भावंडं गेली, बरोबरीच्या मैत्रिणी गेल्या. मला नावाने हाक मारणारं माणूस आता जगात नाही. बँकेतून फोन येतो तेव्हा कुणीतरी नाव घेतं, तेही चुकीचं. जाताना एकदा माझं नाव माझ्या माणसाने मोठ्याने घ्यावं, एवढीच इच्छा आहे. विद्या घेईल, चोख घेईल. पण विद्या मला ओळखत नाही."

मला नाही म्हणायचं होतं. जोरात मान हलवली. हे शक्य नाही, बाई, चारचौघांत माझी शोभा होईल, तुमचा शेवटचा विधी माझ्यामुळे विस्कटेल, हे सगळं मला म्हणायचं होतं, आणि त्यातलं अक्षर येईना. मी रडायला लागले.

त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "हे बघ. तुला मी नाही बोलावलेलं. माझी काय बिशाद? तुझा आणि देवाचा अबोला चाललाय, माधवराव सांगत होते. तू त्याच्याशी बोलू नकोस. पण त्याने काम सांगितलंय, ते कर. होईल की नाही, ते त्याने बघायचं. आपण पाठांतर करायचं."

मी हाताने विचारलं, आणि नाही आलं तर?

"तर थांबायचं. नावापाशी थांबायचं, येईपर्यंत. पुढे पळायचं नाही. मला कुठे गाडी गाठायचीय?"

*

त्यांचं नाव प्रमिला. साधं, तीन अक्षरी.

तन्वीने युक्ती सुचवली होती, की एखाद्या स्तोत्रात हे नाव शोधा, म्हणजे स्तोत्राच्या ओघात तोंडी येईल. मी सगळी मनातल्या मनात धुंडाळली. लक्ष्मी, पार्वती, सीता यांपैकी कुणी असती तर रांगेत उभी मिळाली असती. प्रमिला कुठेच नाही. ते निव्वळ माणसाचं नाव होतं, आणि ते माझं मलाच आणायचं होतं.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी जायची. बसमध्ये कंडक्टरला 'मंडई' लिहिलेली चिठ्ठी दाखवायची. पहिल्या दिवशी हे बरोबर यायला निघाले. मी हातानेच नको म्हटलं. ते स्टॉपवर उभे राहून बस वळेपर्यंत बघत होते.

बाई स्वतःच्या छातीवर बोट ठेवून विचारायच्या, "हे कोण?"

"प्र... प्रतिभा."

"ती गणिताची. परत."

"नि... निर्मला."

"ती माझी वहिनी, आणि तिचं नाव माझ्या अंत्यविधीत घेतलंस तर मी उठून बसेन. परत."

बाई थकल्या की डोळे मिटून पडायच्या, पण बोट छातीवरच असायचं. स्वतःच्या मरणाची तयारी स्वतःच करून घेणारी ही बाई, आणि समोर नाव आठवत नाही म्हणून घामाघूम झालेली मी. चौथ्या की पाचव्या खेपेला ते आलं. कसं आलं माहीत नाही. मी त्यांना औषधाची गोळी देत होते, नाव आठवायचा प्रयत्नही करत नव्हते, आणि तोंडातून निघालं, "प्रमिला."

बाईंनी गोळी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "ओ."

लहान मुलीला अंगणातून हाक आली तर ती देते ना, तसा ओ दिला त्यांनी. आणि मग तोंड भिंतीकडे फिरवलं, कारण आपण कुणाला रडताना दिसू नये असं त्यांचं आयुष्यभराचं धोरण होतं.

पुढे ते कधी यायचं, कधी नाही. दहात तीनदा, फार तर चारदा. ज्या दिवशी यायचं त्या दिवशी बाई मला गुळाची पोळी द्यायच्या. ज्या दिवशी नाही यायचं त्या दिवशीही द्यायच्या, पण म्हणायच्या, "ही उधार." घरी परत येताना बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून बसायची आणि विचार करायची, की देवाने मला हे का सांगावं? दहातल्या सात वेळा मी हरते, हे त्यालाही दिसत असेलच की. मी बोलत नव्हते त्याच्याशी, पण वाट बघायला लागले होते. नाव येईल. त्या दिवशी, त्या वेळी येईल. कशावरून? कशावरूनही नाही.

*

एका शुक्रवारी सकाळी बाईंच्या भाच्याचा फोन आला. तो हडपसरच्याच आयटी पार्कात काम करतो. साधा, अबोल मुलगा. यांनी फोन घेतला, ऐकलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वैजू, बाई गेल्या. झोपेतच." मग दोन हातांत दोन गोष्टी धरल्या, पांढरं पातळ आणि माझी काठी. कुठून शिकले होते कोण जाणे. मी दोन्ही घेतल्या.

भाच्याने मला घरीच एक कागद दाखवला. बाईंचं अक्षर, आता कापरं झालेलं. विधी वैजयंतीने सांगावा. कुणीही तिला मध्ये सांगू नये. सगळ्यांनी थांबावं. "आपण जसं म्हणाल तसं," भाचा मला म्हणाला, आणि मग त्याचं त्यालाच काहीतरी चुकल्यासारखं वाटून तो ओशाळला.

वैकुंठ स्मशानभूमीत आम्ही दहा-बारा जण असू. शाळेतल्या निवृत्त शिक्षिका, शेजारचे दोघे, विद्या, हे. पाठीमागे दुसरं कुणीतरी आपलं माणूस घेऊन थांबलेलं. मी भाच्याच्या ओंजळीत पाणी दिलं आणि सुरुवात केली. मंत्र आले. येणारच होते, त्यांचं मला कधीच कौतुक नव्हतं. तिथी मोजत मोजत गाठली. एका शिक्षिकेने चकित होऊन बघितलं. मग गोत्र, तेही ऋषींच्या नावांच्या रांगेतून. आणि मग ती जागा.

तोंड पुढे निघालं होतं. पुढचे शब्द दारात उभे होते, मी नुसते ओठ उघडले असते तरी ते बाहेर पडले असते, आणि सगळं पाच मिनिटांत सुरळीत पार पडलं असतं. कुणाला कळलं असतं? विद्याला. आणि मला.

मी ओठ मिटले आणि थांबले.

भाच्याच्या ओंजळीतलं पाणी गळायला लागलं. कुणीतरी खोकलं. मी बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. नाकात कापूस घातलेला, कुंकू नसलेलं मोठं कपाळ. प्र. प्रतिभा. ती गणिताची. मी परत ओठ मिटले. निर्मला. नाही. मग तेही येईनासं झालं. सगळं पांढरं. इतकं रिकामं मला आयसीयूतही वाटलं नव्हतं. मागच्या लोकांतला एकजण म्हणाला, "अहो, आटपा की जरा. आमच्या पण माणसाचं आहे."

"थांबा," हे म्हणाले. माझ्या नवऱ्याने मोठ्या आवाजात बोललेलं मी त्या आधी क्वचितच ऐकलं होतं. "तिला वेळ लागतो. थांबा."

मग खरोखर सगळे थांबले. विद्या खाली मान घालून उभी होती, ओठ घट्ट मिटून. तिला नाव माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. कुणी सांगितलं नाही. एक वर्ष मी ज्या देवाशी बोलले नव्हते त्याला मनात म्हटलं, मी इथपर्यंत आले. माझ्याकडे आता काही नाही. तुझं तू बघ. हे शब्दांत नव्हतं, पण होतं. आणि तरीही काही झालं नाही. भाच्याच्या ओंजळीतलं पाणी संपलं, त्याने हात तसेच धरून ठेवले.

आणि मग ते आलं. वीज वगैरे काही चमकली नाही. जसं औषध देताना आलं होतं तसंच, बाजूने, सहज.

"प्रमिला," मी म्हटलं. स्वच्छ. तिन्ही अक्षरं.

मागे कुणीतरी हुंदका दिला. विद्याने माझा दंड धरला. मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ हसले. आलं! बाई, आलं! सहा आठवडे मी एवढ्याचसाठी जिवाचं रान केलं होतं. नाव येईल यावर विश्वास ठेवला होता, त्यापुढचा विचारच केला नव्हता. आम्ही दोघींनी नुसत्या नावाचीच तालीम केली होती. बाकीचं पाठच आहे, त्याला काय करायचंय, असं बाईच म्हणाल्या होत्या.

पण संकल्पात नाव सुटं नसतं. त्याला जोडून लगेच पुढचा शब्द असतो, आणि तो मला शोधावा लागला नाही. तो पाठ होता. तेरा वर्षांत शंभर माणसांच्या नावांना मी तो लावला होता. माझा आनंद चेहऱ्यावरून उतरायच्या आतच तोंडाने आपण होऊन तो म्हणून टाकला. प्रेत.

प्रमिला, प्रेत.

तेव्हा मला कळलं की बाई मेल्या आहेत. सकाळपासून मला ते माहीत होतं, पण कळलं तेव्हा, माझ्याच तोंडून. मला थांबायचं होतं. तो शब्द परत घ्यायचा होता, नाव सोडवून घ्यायचं होतं त्याच्यापासून. नाकातोंडातून पाणी वाहायला लागलं, यांनी मागून दोन्ही हातांनी धरलं. आणि तोंड थांबेना. एकामागून एक मंत्र येतच राहिले, स्वरांसकट, मी ओक्साबोक्शी रडत असताना. अग्नी दिला तेव्हाही ते चालूच होते. कधी संपले मला माहीत नाही.

विद्या नंतर म्हणाली, एकही अक्षर चुकलं नाही.